कागद गोळा झाल्यावर

शाळेत मुलांच्या मनाची तपासणी व्हावी का, असं कुणी विचारलं तर हल्ली उत्तर लगेच येतं : व्हायलाच हवी. पालकसभेत येतं, मुख्याध्यापकांच्या बैठकीत येतं, एखादी वाईट बातमी छापून आली की अग्रलेखातही येतं. माझं उत्तर इतकं झटपट येत नाही. तपासणीला माझा विरोध नाही. पण ती कोण करणार, कोणत्या दिवशी करणार, आणि त्या दिवशी शाळा सुटताना त्या मुलाजवळ कोण थांबणार, हे विचारल्याशिवाय मी मान डोलवत नाही. शिक्षक, समुपदेशक आणि पालक यांच्यासाठी तयार झालेल्या या पुस्तकाच्या दारात उभं राहून मला एवढाच हट्ट धरायचा आहे.

शाळेतली तपासणी आपल्याला नवी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. तेव्हापासून पथकाची गाडी शाळेच्या आवारात येते. वजन, उंची, डोळे, दात, कातडी, हृदयाचे ठोके बघितले जातात. मुलाला तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली नाही की पुढे पाठवतात आणि यथावकाश चष्मा येतो. साखळी छोटी आहे आणि प्रत्येक कडी कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय नजर तपासताना मुलगा खोटं बोलत नाही, शेजारचा हसत नाही, आणि ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ असं वडिलांना सांगावंसं वाटत नाही.

मनाच्या बाबतीत यातलं काहीच इतकं सरळ नसतं. म्हणूनच १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी कोणत्याही आजाराच्या चाळणी तपासणीला लावायच्या ज्या दहा कसोट्या लिहिल्या, त्या आजही जुन्या झालेल्या नाहीत. आजार महत्त्वाचा हवा, तो लवकर ओळखता यायला हवा, चाचणी लोकांना मानवणारी हवी, हे त्यात आहेच. पण उपचाराची आणि पक्क्या निदानाची सोय हाताशी हवी, उपचार नेमके कुणावर करायचे हे आधी ठरलेलं हवं, आणि शोध एकदाच घेऊन भागत नाही, तो चालू ठेवावा लागतो, हेही त्यात आहे. आपल्याकडच्या बहुतेक उपक्रमांची गाडी या शेवटच्या मुद्द्यांवर अडते.

मागणी मात्र खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र १,७६४ सह पहिला आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. चौदावं वर्ष म्हणजे आपली आठवी-नववी.

आठवी-नववीच्या वर्गात त्रास दोन तऱ्हांनी बसलेला असतो. एक तऱ्हा दिसते : बाक वाजवणारा, वर्गाबाहेर उभा केलेला, वहीच्या मागच्या पानावर काहीबाही लिहिणारा. त्याची तक्रार स्टाफरूमपर्यंत पोचते. दुसरी तऱ्हा दिसत नाही. ती मुलगी वेळेवर येते, गृहपाठ करते, विचारलं तर उत्तर देते, डबा मात्र अर्धा परत नेते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात नाचली होती, यंदा नाव दिलं नाही. मैत्रिणींचा घोळका बदलला. पोट दुखतं म्हणून महिन्यात चारदा घरी गेली. तिच्या वर्तनपत्रकात ‘शांत व समजूतदार’ असं लिहिलेलं असतं. शिक्षक वाईट असतात म्हणून हे निसटत नाही. साठ मुलांच्या वर्गात जो त्रास देत नाही त्याच्याकडे बघायला वेळ उरत नाही, म्हणून निसटतं. प्रश्नावलीचा उपयोग कुणासाठी असेल तर तो या दुसऱ्या तऱ्हेच्या मुलांसाठी. चाळीस मिनिटांत ती प्रत्येकाला विचारते, आणि गप्प राहणाऱ्यालाही एक चौकोन भरायला मिळतो.

ही प्रश्नावली जरा जवळून बघू. जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी एक म्हणजे ‘पीएचक्यू-९’. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोन्के यांनी केलेली, २००१ साली प्रसिद्ध झालेली. किशोरवयीनांसाठी तिचं थोडं बदललेलं रूपही आहे. वापरायला पैसे पडत नाहीत. नऊ प्रश्न : मागच्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात रस वाटेनासा झाला का, झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं वगैरे. प्रत्येकापुढे चार पर्याय, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत, शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा वर गेली तर मुलाशी बसून बोलायचं. दुसरी आहे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची, १९९७ची, २५ विधानांची ‘एसडीक्यू’. तिच्यात मुलासाठी, पालकासाठी आणि शिक्षकासाठी वेगळे कागद असतात, आणि ती फक्त बिघाड विचारत नाही. लहानांशी प्रेमाने वागतोस का, दुसऱ्याला मदत करतोस का, हेही विचारते. मला स्वतःला शाळेसाठी ती जास्त आवडते, कारण ती भरताना मुलाला आपण रोगी आहोत असं वाटत नाही.

आता हा कागद नववी ‘ब’मध्ये वाटा. पहिला प्रश्न हमखास येतो : “सर, याला मार्क आहेत का?” दुसरा येतो : “नाव लिहायचं का?” एका बाकावर तिघं, त्यामुळे मधल्याचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला जातो, आणि मधला त्याप्रमाणेच भरतो. झोपेच्या प्रश्नात झोप न लागणं आणि फार झोप येणं दोन्ही एकत्र आहे. मुलं विचारतात की दोन्ही नाही, पण सकाळी उठवत नाही, त्याचं काय. त्या मुलाच्या घरात एकच खोली आहे आणि वडील दुसऱ्या पाळीवरून आल्यावर साडेबारापर्यंत टीव्ही चालतो, हे कागदाला कळत नाही. भूक लागत नाही असं लिहिणारीने सकाळपासून फक्त चहा घेतलेला असतो. मागचे दोन आठवडे म्हणजे घटक चाचणीचे आठवडे असतील तर अर्धा वर्ग थकलेला आणि लक्ष न लागणारा निघेल. मुलांची स्वतःची भाषाही निराळी असते. ‘उदास’ कुणी म्हणत नाही. ‘टेन्शन आहे’, ‘डोकं फिरलंय’, ‘कशाचाच मूड नाही’, ‘उगाच चिडचिड होते’, खेड्यात ‘जीव लागत नाही’. कागद वाटणाऱ्याला हे शब्द ठाऊक असले तर तो समजावून सांगू शकतो. नसले तर मुलं अंदाजाने टिका मारतात.

नववा प्रश्न सर्वांत अवघड. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असं तो विचारतो. इथे पालक आणि संस्थाचालक दचकतात : विचारल्यामुळेच डोक्यात आलं तर? ही भीती समजण्यासारखी आहे आणि तिचं उत्तर उपलब्ध आहे. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा ताण वाढला नाही, असे विचारही वाढले नाहीत. ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांना विचारल्याने उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. हा अभ्यास २००५ साली छापून आला. तेव्हा विचारण्यात धोका नाही. धोका आहे तो विचारून झाल्यावर ते कागद सुतळीने बांधून कपाटात ठेवण्यात. मुलाने पहिल्यांदा, तेही लेखी, सांगितलं आणि कुणी काही बोललंच नाही, यातून त्याला जे समजतं ते न विचारण्याहून वाईट आहे. म्हणून माझ्या लेखी एक नियम मोडता येणार नाही असा आहे : नवव्या प्रश्नाची उत्तरं त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी वाचली गेली पाहिजेत आणि तिथे टिक केलेल्या प्रत्येक मुलाशी त्याच दिवशी, एकट्याशी, दार लोटून बोलणं झालं पाहिजे.

आता थोडा हिशेब करू, कारण उत्साहाच्या भरात तो राहून जातो. समजा हजार मुलांची शाळा आहे आणि त्यातल्या ७० जणांना खरोखर उपचाराची गरज आहे. चाचणी चांगली आहे असं धरू : खरा त्रास असलेल्या शंभरातल्या ८० जणांना ती पकडते, आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या ८५ जणांना बरोबर सोडून देते. म्हणजे ७० पैकी ५६ सापडले. पण उरलेल्या ९३० मधले जवळजवळ १४० जण विनाकारण अडकले. यादी झाली १९६ जणांची, आणि त्यातली दहापैकी सात मुलं ठीक आहेत. कोण ठीक आणि कोण नाही हे ठरवायला प्रत्येकाशी माणसाने बसून बोलावं लागतं. शाळेत एक समुपदेशक असेल आणि ती दिवसाला चौघांशी नीट बोलली, तर यादी संपायला ४९ कामाचे दिवस लागतात. प्रश्नावलीत विचारलेले ‘मागचे दोन आठवडे’ तोवर कधीच मागे पडलेले असतात. शिवाय १४ जण चाळणीतून निसटलेच, आणि त्यांच्या पालकांना आपण ‘तपासणीत काही निघालं नाही’ असं कळवून बसलो.

हे आकडे तपासणी मोडीत काढण्यासाठी मांडले नाहीत. मनुष्यबळ आधी मोजा, एवढंच म्हणायचं आहे.

बाहेरच्या देशांनी यात बरेच हात पोळून घेतले आहेत. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातून ‘टीनस्क्रीन’ नावाचा कार्यक्रम निघाला. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने त्याला आदर्श म्हणून गौरवलं. पण काही ठिकाणी पालकांनी ‘नको’ असं लेखी कळवलं नाही म्हणजे संमती, असा अर्थ लावला गेला. पालक कोर्टात गेले, औषध कंपन्यांच्या हिताचे आरोप झाले, आणि २०१२ मध्ये कार्यक्रम बंद पडला. तरी कल्पना संपली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १४ माध्यमिक शाळांत जवळजवळ १३ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत (२०२१) असं दिसलं की सगळ्यांना पीएचक्यू-९ दिली तर, नेहमीसारखं शिक्षकांच्या लक्षात आलं तरच पाठवण्यापेक्षा, नैराश्याची लक्षणं ओळखली जाण्याची शक्यता सुमारे सहापट होते आणि उपचार सुरू होण्याची दुप्पट. सहा आणि दोन यांच्यामधली तफावत जरा थांबून बघावी. ओळखलं गेलेलं मूल उपचारापर्यंत पोचतंच असं नाही, तेही अमेरिकेत. आता इलिनॉय राज्याने तिसरी ते बारावीपर्यंत दरवर्षी अशी तपासणी २०२७-२८ पासून सक्तीची केली आहे. पालकांना नकार देण्याची मुभा आहे. त्याचं काय होतं ते बघण्यासारखं असेल.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो युरोपातल्या ‘सेल’ अभ्यासाने. दहा देश, १६८ शाळा, ११,११० मुलं. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. शाळांचे चार गट केले होते. एकात शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवलं. दुसऱ्यात प्रश्नावली भरून घेऊन, धोका दिसलेल्यांना तज्ज्ञांकडे मुलाखतीला बोलावलं. तिसऱ्यात मुलांनाच काही तास दिले : भूमिका करून बघायच्या, ताण, भांडण, मित्राचं संकट यावर बोलायचं, एक छोटी पुस्तिका, वर्गात काही पोस्टर. चौथ्यात जवळजवळ काही नाही, फक्त पोस्टर. वर्षभराने आत्महत्येचे नवे प्रयत्न आणि गंभीर विचार लक्षणीय कमी झाले ते फक्त तिसऱ्या गटात : प्रयत्नांचं प्रमाण चौथ्या गटातल्या १.५१ टक्क्यांसमोर ०.७० टक्के. तपासणीच्या गटात तसा फरक दिसला नाही. बोलावलेल्यांपैकी बरीच मुलं मुलाखतीला गेलीच नव्हती. म्हणजे मुलाला हुडकून काढण्यापेक्षा मुलाला बोलायला शिकवणं जास्त कामी आलं. तपासणीच्या बाजूने बोलणाऱ्या सभांत हा अभ्यास क्वचित ऐकू येतो, म्हणून इथे मुद्दाम सविस्तर सांगितला.

आपल्याकडचा पुरावाही याच दिशेला बोट दाखवतो, आणि त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेचं सूत्र असं की तज्ज्ञ कमी असतील तर गावातल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसाकडून हे काम करून घ्यावं. आपल्या देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ पुरा येत नाही.  तेव्हा दुसरा मार्ग तरी कोणता? बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत ‘संगत’च्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘सेहर’ हा प्रयोग केला. काही शाळांत बाहेरून एक ‘मित्र’ नेमला, तो डॉक्टर नव्हे, शिक्षकही नव्हे. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, छळाविरुद्ध नियम, आणि कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर वेळ. काही शाळांत हेच सगळं शिक्षकांवर सोपवलं. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं घटली, मारामाऱ्या आणि छळ कमी झाला. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. आपल्या शिक्षकांना हे वाचून राग येऊ नये. ज्याच्याकडे माझे मार्क आहेत, जो माझ्या काकांना ओळखतो आणि ज्याच्या डोक्यावर पोषण आहाराची नोंद, यूडायसची माहिती आणि निवडणुकीच्या याद्या आहेत, त्याच्यापाशी चौदा वर्षांचं पोर मन मोकळं करत नाही, यात नवल काय? दिल्लीच्या सरकारी शाळांत याच गटाने पुढे दाखवलं की समुपदेशकाने वर्गात येऊन एकदा नीट ओळख करून दिली की मुलं आपल्या पायांनी चालत येतात. कागद न वाटता.

शिक्षकांवर हे काम ढकललं जाईल ही माझी भीती मात्र पुरती खरी ठरण्याच्या बेतात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. निर्णय उत्तम आहे. पण इतकी पात्र माणसं उभी राहीपर्यंत काय होईल याची मला कल्पना आहे : संध्याकाळी सात वाजता मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटात एक लिंक पडेल, उद्या दुपारपर्यंत शंभर टक्के मुलांची माहिती भरा. दहावीच्या कल चाचणीचा अनुभव अजून आठवतो; मुलं मोबाइलवर बसली, अहवाल गुणपत्रिकेसोबत हातात पडला, आणि पुढचा प्रवेश जिकडे घ्यायचा तिकडेच घेतला. कल चुकला तर फार बिघडत नाही. इथे बिघडतं. आणि लिंकवर भरलेली ही उत्तरं कुठे साठतात, कोण उघडून बघतं? २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. गुगल फॉर्म फिरवणाऱ्या किती जणांनी ती घेतली असेल?

संमतीचा प्रश्न कागदावर सोपा आणि गावात अवघड. दिवाळी झाली की बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नववीतली पोर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहते. आश्रमशाळेतल्या मुलाचे आईवडील दोन डोंगर पलीकडे. सही कुणाची घ्यायची? आणि आजीचा अंगठा घेताना तिला काय सांगितलं? ‘मनाची तपासणी’ म्हटलं की तिला वेड आठवतं, लग्न आठवतं. त्यापेक्षा ‘पोरीला झोप लागते का, जेवण जातं का, कशाची धास्ती वाटते का, ते विचारणार आहोत, काही वाटलं तर आधी तुमच्याशी बोलू’ असं सांगितलं तर ती ऐकते. मुलालाही आधीच सांगायला हवं की तुझं बोलणं मी वर्गशिक्षकांना सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल तर मला गप्प राहता येणार नाही. दुसरी गोष्ट माझ्या मर्जीची नाही. पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. मुलाने सांगून झाल्यावर हे ऐकवलं तर तो विश्वासघात ठरतो. आणि सापडलेली नावं स्टाफरूममध्ये चहाबरोबर फिरली, तर पुढच्या वर्षी सगळा वर्ग ‘अजिबात नाही’वर टिका मारून मोकळा होईल, हे धरूनच चालावं.

म्हणून या पुस्तकातली प्रकरणं वाचताना क्रम उलटा धरावा, असं मी सुचवेन. प्रश्नावल्यांचं प्रकरण शेवटी वाचा. आधी तालुक्याला, जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते शोधा, त्यांना भेटून या. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक स्वतः एकदा लावून बघा, मराठीत कोण बोलतं ते ऐका. शाळेत दार लोटता येईल अशी एक खोली आहे का बघा. प्रयोगशाळेचं साहित्य ठेवलेली असली तरी चालेल, दोन खुर्च्या मावल्या पाहिजेत. वर्गात मुलांशी चार तास बोलून घ्या. एवढं झालं की मग एका वर्गापासून सुरुवात करा, साऱ्या शाळेपासून नको. बाकावर एकेकाला बसवा, दोन तुकड्या कराव्या लागल्या तरी. घटक चाचणीनंतरचा आठवडा टाळा. वार निवडायचा तर सोमवार किंवा मंगळवार, आणि तोही पहिल्या दोन तासांत, म्हणजे बोलायला दिवस उरतो आणि दुसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा शाळेत दिसतं. शनिवारी घेऊ नका. शाळा अर्धा दिवस असते, कागद बघेपर्यंत बस निघून जाते, आणि मध्ये रविवार येतो.